ब्रिक्सवरून बेदाण्याचा उतारा: वहीतल्या आकड्यांवरून अंदाज कसा बांधायचा

तासगाव-मिरज पट्ट्यात शेडवर माल पडायला लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: एवढ्या द्राक्षात बेदाणा किती उतरेल? बॉक्स किती मागवायचे, कोल्ड स्टोरेजमध्ये जागा किती धरायची, मजुरांना किती दिवस सांगून ठेवायचं, सगळं त्या एका आकड्यावर अडलेलं असतं. ‘चाराला एक’ हा ठोकताळा सगळ्यांना पाठ आहे, म्हणजे चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. तो चुकीचा नाही, पण ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांचा, मुख्यतः साखरेचा टक्का) १८ असला काय नि २४ असला काय, तो एकच उत्तर देतो. मागच्या हंगामांची वही जपून ठेवली असेल, तर त्याहून बरा अंदाज तासाभरात काढता येतो. त्यासाठी सहसंबंध (दोन आकडे किती बरोबरीने बदलतात ते) आणि रेषीय समाश्रयण (ठिपक्यांमधून सरळ रेषा बसवणं) या दोन गोष्टी लागतात. दुसरीला बोलताना सगळे रिग्रेशनच म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आधी वही

प्रत्येक लॉटमागे दोनच आकडे हवेत. तोडणीच्या दिवशीचा ब्रिक्स, आणि १०० किलो द्राक्षामागे प्रत्यक्ष उतरलेला बेदाणा.

ब्रिक्स घेताना घाई करू नका. घडाच्या खांद्यावरचा मणी गोड असतो, शेंड्याचा त्यामानाने आंबट. वरचे, मधले, खालचे असे मणी बागेच्या चारी कोपऱ्यांतल्या वेलींवरून घ्या, एकत्र चुरडा आणि त्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या (ब्रिक्स मोजायच्या उपकरणाच्या) काचेवर टाका. वेळ रोज सकाळचीच ठेवा. हे सांगायचं कारण गणितात आहे. ज्या आकड्यावरून अंदाज करायचा, तोच गबाळा मोजला तर रेषा आहे त्याहून सपाट येते. साखरेचा परिणाम खरा असूनही कागदावर कमी दिसतो.

आणखी एक, थॉमसन आणि सोनाका एका यादीत घालू नका. वाणागणिक वही वेगळी.

खालचे सात लॉट एकाच वाणाचे आहेत. हिशेब हाताने जमावा म्हणून आकडे सोपे करून घेतलेत, तुमच्या बागेचे वेगळे येतील.

| ब्रिक्स | १०० किलोमागे बेदाणा (किलो) |
|---|---|
| १८ | २०.५ |
| १९ | २१.० |
| २० | २१.५ |
| २१ | २५.० |
| २२ | २३.५ |
| २३ | २६.० |
| २४ | २७.० |

मग ठिपके

आलेख कागदावर आडवा ब्रिक्स, उभा उतारा घेऊन सात ठिपके मांडा. ही पायरी गाळून सरळ सूत्राकडे जाणारे फार, आणि तिथंच फसतात. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच मुद्दाम तयार केले. चारींची सरासरी सारखी, सहसंबंध सारखा, रेषाही सारखी. पण ठिपके मांडले की एक साधा पसारा, दुसरा चक्क कमानीसारखा वाकलेला, तिसऱ्यात एकच ठिपका रेषेला ओढून नेणारा, आणि चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एकावर एक उभे. सूत्राला यातलं काही दिसत नाही, डोळ्याला लगेच दिसतं. आपले ठिपके साधारण सरळ वर चढताना दिसले, तरच पुढे जा.

सहसंबंध किती?

ब्रिक्सची सरासरी २१, उताऱ्याची २३.५. प्रत्येक लॉटचा सरासरीपासूनचा फरक काढा. पहिल्या लॉटचा ब्रिक्स ३ ने कमी, उताराही ३ ने कमी; गुणाकार ९. असे सातही गुणाकार करून बेरीज घ्या: ३१.५. मग ब्रिक्सच्या फरकांचे वर्ग करून बेरीज: २८. उताऱ्याच्या फरकांच्या वर्गांची बेरीज: ४०.

सहसंबंध गुणांक काढायला ३१.५ ला (२८ × ४०) च्या वर्गमुळाने भागा. ते वर्गमूळ ३३.४७, म्हणून गुणांक ०.९४१. हा आकडा उणे १ ते अधिक १ च्या बाहेर जात नाही. १ च्या जवळ म्हणजे दोन्ही बरोबरीने वाढतात, उणे १ च्या जवळ म्हणजे एक वाढला की दुसरा घटतो, शून्याजवळ म्हणजे सरळ रेषेचं नातं नाही. ०.९४१ चा वर्ग ०.८९. उताऱ्यातला जो कमी-जास्तपणा आहे, त्यातला ८९ टक्के ब्रिक्सच्या हिशेबात बसतो, उरलेला ११ टक्के बाकीच्या कारणांचा.

रेषा

१८०५ साली लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने छापलेली रीत आजही तीच आहे: ठिपक्यांपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल अशी रेषा घ्यायची. हिशेब तर आपण निम्मा केलेलाच आहे. रेषेचा चढ म्हणजे ३१.५ भागिले २८, म्हणजे १.१२५. रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जाते, म्हणून २३.५ वजा (१.१२५ × २१) = उणे ०.१२५.

उतारा = १.१२५ × ब्रिक्स − ०.१२५

एक्सेलमध्ये करायचं तर दोन्ही रकाने निवडून स्कॅटर चार्ट घ्या, ठिपक्यावर राइट क्लिक करून ट्रेंडलाइन जोडा आणि समीकरण व आर-स्क्वेअर (गुणांकाचा वर्ग) दाखवण्याच्या चौकटींवर टिक करा. पण एकदा तरी हाताने करा. चढ कुठून आला हे बोटांना कळलेलं असलं की पुढची तपासणी सुचते.

तपासणी अशी. २२ ब्रिक्सच्या १०० किलो द्राक्षात विरघळलेले घटक ढोबळमानाने २२ किलो, त्यात बहुतेक साखरच. वाळताना पाणी जातं, हे घटक राहतात. बेदाण्यात १५ टक्के ओल ठेवली तर २२ भागिले ०.८५, म्हणजे जवळपास २५.९ किलो. याचाच अर्थ एका ब्रिक्समागे १.१८ किलो. आपली रेषा सांगते १.१२५. थोडी कमी, आणि ती कमीच यायला हवी, कारण देठ आणि खराब मणीही वजनात होते. समजा चढ ३ आला असता, तर गुणांक कितीही सुंदर असला तरी मी ती रेषा फेकून वजनकाटा तपासला असता.

चुकलेले ठिपके

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते रेषेने नव्हे, रेषेपासून लांब गेलेल्या ठिपक्यांनी. प्रत्येक लॉटसाठी प्रत्यक्ष वजा अंदाज काढून तिसऱ्या रकान्यात लिहा. २१ ब्रिक्सच्या लॉटचा अंदाज २३.५, उतरले २५. दीड किलो जास्त. पहिल्या वर्षी मी खूश झालो असतो.

त्या लॉटचा बेदाणा मुठीत दाबून मूठ उघडली तर दाणे सुटे होत नव्हते, गोळा तसाच तळहाताला चिकटून राहिला. नीट वाळलेला बेदाणा मूठ उघडताच मोकळा होतो. म्हणजे जास्तीचं वजन पाण्याचं होतं. हिशेबही जुळतो: १५ टक्के ओलीचे २३.५ किलो २० टक्के ओलीवर मोजले तर भरतात २४.९७. तो लॉट दोन-तीन दिवस आधी रॅकवरून उतरवला गेला होता. २२ ब्रिक्सचा लॉट उलट सव्वा किलोच्या आसपास कमी भरला, त्यात पिचलेले मणी फार होते.

असे लॉट लगेच वहीतून खोडायचे का? मापात चूक सापडली असेल तरच, आणि कारण बाजूला लिहूनच. नुसतं रेषेत बसत नाही म्हणून खोडलं, तर ती रेषा तुमच्या इच्छेची होते.

अंदाज, आणि त्याची रुंदी

आता नवा लॉट: ४ टन द्राक्ष, ब्रिक्स २२.५. उतारा १.१२५ × २२.५ − ०.१२५ = २५.२. म्हणजे १,००७ किलोंच्या आसपास. १५ किलोचा बॉक्स धरला तर ६७ बॉक्स.

एवढंच सांगून थांबू नका. तिसऱ्या रकान्यातल्या फरकांचे वर्ग मिळवा: ४.५६. त्याला ५ ने भागा (सात लॉट, त्यातून रेषेसाठी खर्च झालेले दोन वजा) आणि वर्गमूळ घ्या: ०.९६. अंदाज सर्वसाधारणपणे एवढा चुकतो. लॉट सातच आहेत, म्हणून ९५ टक्के खात्रीसाठी याच्या दुप्पटही पुरत नाही. संख्याशास्त्राच्या टी-कोष्टकातला गुणक २.५७, शिवाय रेषाच थोडी इकडेतिकडे असू शकते त्याची भर, असं धरून २.७ किलो येतात. म्हणजे या ४ टनांतून ९०० ते १,११५ किलो. बॉक्स ७५ मागवा, पण उचल मागताना ९०० धरून बोला.

रेषा कुठं संपते

वहीत १८ ते २४ ब्रिक्स आहे. १४ ब्रिक्सच्या मालाबद्दल ही रेषा उत्तर देईल, पण ते ऐकू नये. सांगलीकराला हे कृष्णेवरून चटकन पटेल. नदी पात्रात असताना पाणी वाढेल तशी आयर्विन पुलाजवळची पातळी चढते, आणि तेवढ्यापुरती रेषा बसवताही येईल. पाणी पात्राबाहेर पसरलं की एकेक फूट चढायला कितीतरी जास्त पाणी लागतं, त्यात भर म्हणून हरिपूरजवळ वारणेचा फुगवटा. ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या साध्या दिवसांची रेषा काय कामाची?

दुसरा धोका कारणाचा. ब्रिक्स जास्त असलेला माल कमी दिवसांत वाळतो असं माझ्या वहीत दिसतं, गुणांकही चांगला येतो. पण जास्त ब्रिक्सचे लॉट मार्चमधले आहेत, आणि मार्चचं ऊन फेब्रुवारीसारखं नसतं. दोन्हीमागे तारीख उभी आहे. अशा वेळी तारखेचा रकाना घाला आणि एकाच आठवड्यातले लॉट एकमेकांशी ताडून पाहा.

नवा लॉट उतरला की

वर सांगितलेला ४ टनांचा लॉट १५ दिवसांनी उतरला, समजा ९८० किलो भरला. १०० मागे २४.५. वहीत अंदाज २५.२, प्रत्यक्ष २४.५, फरक उणे ०.७. आठ लॉट धरून रेषा पुन्हा काढली तर चढ १.१२५ वरून १.०९ वर येतो. पुढच्या लॉटला हाच चढ घ्यायचा, आणि जुना खोडायचा नाही, शेजारी तारीख घालून तसाच ठेवायचा.