कुत्र्यानं चॉकलेट खाल्लं? या चुका टाळा

"दोन तास झाले, मस्त खेळतोय, म्हणजे काही झालेलं नाही." सगळ्यात महागात पडते ती ही चूक. लक्षणं साधारण ६ ते १२ तासांनी दिसू लागतात, पण उलटी करवून चॉकलेट पोटातून बाहेर काढण्याचा सगळ्यात चांगला काळ पहिल्या दोन तासांचा. ज्या वेळात आपण निर्धास्त बसतो, तोच उपचाराचा वेळ असतो. दोन तास उलटून गेले असतील तरीही डॉक्टरांना फोन करा. चॉकलेट पोटात गोळा होऊन बराच वेळ राहतं, त्यामुळे उशिरानंही काही भाग निघू शकतो.

विषारी असतं ते चॉकलेटमधलं थिओब्रोमीन, आणि जोडीला थोडं कॅफीन. शरीरातलं थिओब्रोमीन निम्म्यावर यायला माणसाला सात-आठ तास लागतात, कुत्र्याला सुमारे साडेसतरा. म्हणून त्रास एकदा सुरू झाला की तीन दिवसही चालू शकतो. यावर उतारा म्हणून देता येईल असं औषध नाही. विष बाहेर काढायचं आणि हृदय व मेंदू सांभाळायचे, एवढंच हातात असतं.

'एवढासाच तुकडा तर होता'

तुकड्याच्या आकारावरून काहीच कळत नाही. चॉकलेट कोणतं आणि कुत्र्याचं वजन किती, यावर सगळं ठरतं. थिओब्रोमीन आणि कॅफीन मिळून मिल्क चॉकलेटमध्ये दर ग्रॅमला साधारण २.३ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५.५, बिनसाखरेच्या बेकिंग चॉकलेटमध्ये १६ आणि कोरड्या कोको पावडरमध्ये २८. वेष्टनावर ७० टक्के किंवा त्याहून जास्त कोको लिहिलं असेल, तर डार्कचा आकडा वाढवूनच धरा.

चॉकलेटच्या ग्रॅमना या आकड्यानं गुणा आणि कुत्र्याच्या किलोंनी भागा. उत्तर २०च्या आसपास आलं तर उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा. ४० ते ५० म्हणजे हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती. ६०च्या पुढे झटके.

दहा किलोच्या कुत्र्यानं १०० ग्रॅम मिल्क चॉकलेट खाल्लं तर २३ येतात, तेवढंच डार्क खाल्लं तर ५५. पाच किलोच्या कुत्र्यानं फक्त १० ग्रॅम कोको पावडर चाटली तरी ५६! केक करताना ओट्यावर उघडा राहिलेला कोकोचा डबा चॉकलेटच्या अख्ख्या वडीपेक्षा वाईट, तो असा. हे आकडे सरासरीचे आहेत. म्हातारा किंवा हृदयाचा त्रास असलेला कुत्रा यापेक्षा कमी मात्रेतही आजारी पडतो, त्यामुळे उत्तर २०च्या खाली आलं म्हणून फोन टाळू नका.

'मागच्या वेळी खाल्लं होतं, काही झालं नाही' हा युक्तिवादही इथेच कोसळतो. मागच्या वेळी बहुधा मिल्क चॉकलेट होतं.

घरच्या घरी उलटी

मिठाचं पाणी पाजू नका. रक्तातलं सोडियम वाढून त्यानंच झटके येतात, आणि चॉकलेटमधून वाचलेला कुत्रा मिठानं दगावू शकतो. घशात बोटं घालणं, तेल पाजणं हेही नको. दुधानं विष मरत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्यानं जठराचं अस्तर सोलवटतं, म्हणून डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय नाही. कुत्रा थरथरत असेल, गुंगीत असेल किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा. दवाखान्यात इंजेक्शन देऊन नियंत्रित उलटी करवतात, मग अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल (विष शोषून घेणारी कोळशाची पूड) देतात. थिओब्रोमीन पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं, त्यामुळे चारकोल कधीकधी परत परत द्यावा लागतो.

फक्त चॉकलेटकडे बघणं

शुगरफ्री चॉकलेट असेल तर आधी घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) शोधा. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही धाडकन उतरते, पुढे यकृत निकामी होऊ शकतं. मनुके असतील तर मूत्रपिंडांना धोका. पांढऱ्या चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन जवळपास नसतं, पण त्यातल्या चरबीनं स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. ती एक ते तीन दिवसांनी कळते: उलट्या, पाठ कमानीसारखी वाकवून उभं राहणं, पोटाला हात लावू न देणं. वेष्टनाचा चंदेरी कागद किंवा प्लॅस्टिक गिळलं असेल तर आतडं तुंबू शकतं.

फोनवर काय सांगायचं

कुत्र्याचं वजन, चॉकलेटचा प्रकार, जास्तीत जास्त किती ग्रॅम गायब आहे, आणि शेवटचं ते जागेवर कधी पाहिलं. वेष्टन फेकू नका, सोबत न्या. जे सापडलं नाही ते खाल्लं असंच धरा. घरात दोन कुत्रे असतील तर प्रत्येकानं सगळं खाल्लंय असं समजून हिशोब करा. निम्मं-निम्मं वाटून खाणारे कुत्रे विरळाच!

घरी आणल्यावर

थिओब्रोमीन लघवीतून जातं, पण मूत्राशयातून ते पुन्हा रक्तात शोषलंही जातं. म्हणून पाणी भरपूर ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, लघवीला बाहेर न्या. लोक इथे हमखास चुकतात: 'झोपू दे बिचाऱ्याला' म्हणून सकाळपर्यंत उठवत नाहीत. खोली शांत ठेवा. मांडीच्या आतल्या बाजूला नाडी लागते. १५ सेकंद मोजून चारानं गुणा. मध्यम किंवा मोठा कुत्रा शांत पडलेला असताना आकडा १४०च्या वर गेला, किंवा स्नायू फडफडू लागले, तर लगेच परत दवाखान्यात.

चारकोल दिला असेल तर एक-दोन दिवस शी काळी होते, ते ठीक. चारकोल दिलेला नसताना डांबरासारखी काळी, चिकट शी झाली तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो. तेव्हा पुन्हा फोन करा.