मोटरबोटीचा पहिला आराखडा : पोचण्यापासून मागे मोजत निघायचं

मी स्वतः आखलेला पहिला प्रवास कागदावर फार देखणा दिसत होता. किनाऱ्याकिनाऱ्याने ३६ सागरी मैल, वेग १२ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), म्हणजे तीन तास. सकाळी सातला धक्का सोडायचा आणि दहाला पलीकडच्या खाडीत शिरायचं. नकाशावर रेघा सरळ, प्रत्येक वळणाला क्रमांक, शेजारी दिशा आणि अंतर. माझे प्रशिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सरच म्हणायचो, त्यांनी वही शांतपणे चाळली आणि एवढंच विचारलं, "दहा वाजता खाडीच्या तोंडाशी पाणी किती असेल?"

मी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडलं. पूर्ण ओहोटी १०.२० ला.

"बरं," ते म्हणाले, "हवा साधी आहे. निघू या तुझ्याच आराखड्याने."

पहिले २४ मैल ठरल्याप्रमाणे गेले. नऊला भूशिराला वळसा घातला आणि सगळंच बदललं. वारा समोरून, प्रवाह दोन नॉटचा, तोही समोरून. लाटांवर बोट आपटायला लागली तसा वेग आठवर आणावा लागला. पाण्यातून आठ, पण जमिनीच्या हिशेबाने सहाच. उरलेल्या १२ मैलांना दोन तास लागले. अकराला तोंडाशी पोचलो तर ओहोटीचं पाणी अजून बाहेर पडत होतं आणि समुद्रावरचा वारा त्याला आत ढकलत होता. वाळूच्या दांड्यावर उभ्या, आखूड, पांढऱ्या लाटा फुटत होत्या. दीड तास बाहेर थांबलो. पुढच्या जेमतेम पाव तासाच्या कामासाठी दीड तास डुचमळत राहणं म्हणजे काय, हे ज्यांच्या पोटाने सोसलंय त्यांनाच विचारा.

माझी चूक मैल मोजण्यात नव्हती. मी निघण्यापासून पुढे मोजत गेलो. मोजायचं असतं उलट. वाटेतली सगळ्यात अडचणीची जागा आधी शोधायची, ती कोणत्या वेळात पार होईल ते ठरवायचं आणि तिथून मागे येत येत धक्का सोडायची वेळ काढायची. ही जागा कधी वाळूचा दांडा असते, कधी ठरावीक वेळीच उघडणारा पूल, कधी प्रवाह जोरात धावणारी चिंचोळी सामुद्रधुनी. मी तिला उंबरा म्हणतो. एका प्रवासात दोन उंबरे असले तर डोकेदुखी वाढते, कारण एकाची सोयीची वेळ दुसऱ्याला चालत नाही. मग मध्ये नांगर टाकून थांबायची जागा शोधावी लागते.

उंबऱ्यावरचं गणित नीट सांगतो, कारण नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. नकाशावरची खोली ही त्या क्षणीच्या पाण्याची नसते. ती नकाशाच्या आधारपातळीपासून मोजलेली असते, आणि ही पातळी सहसा सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेली असते. कोष्टकातली भरतीची उंची या खोलीत मिळवायची. ज्या आकड्याखाली रेघ मारलेली असते तो भाग ओहोटीला उघडा पडतो. तो आकडा मिळवायचा नसतो, वजा करायचा असतो. ही रेघ न पाहिल्यामुळे वाळूवर बसलेल्या बोटी मी पाहिल्या आहेत.

आमच्या त्या दांड्यावर नकाशात खोली ०.४ मीटर होती. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, ०.९ मीटर. तळाखाली ०.६ मीटर मोकळं पाणी हवं, लाटेच्या खळग्यात बोट खाली बसते त्यासाठी आणखी ०.५. एकूण गरज २ मीटर. त्यातले ०.४ नकाशाने दिले, बाकीचे १.६ भरतीने द्यायचे. त्या दिवशी ओहोटीची उंची ०.६ आणि भरतीची ४.२ मीटर, म्हणजे फरक ३.६. इथे बाराव्या भागाचा नियम कामाला येतो. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा एक बारांश, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आमचा बारांश ०.३ मीटर. पहिल्या तासाअखेर पाणी ०.९ वर, दुसऱ्याअखेर १.५ वर, तिसऱ्याअखेर २.४ वर. १.६ हवे होते, म्हणजे ओहोटीनंतर दोन तास उलटून थोडं. साडेबाराच्या आधी आत शिरायचा प्रश्नच नव्हता. हे सगळं आदल्या रात्री, चहा पिता पिता कळलं असतं.

हा नियम दिवसातून दोन भरत्या येतात आणि पाणी सरळसोट चढतं-उतरतं तिथेच चालतो. काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, काही बंदरांत पाणी मध्येच अडल्यासारखं थांबतं. तिथे त्या बंदराचा आलेखच बघावा. शिवाय कोष्टक हा अंदाज असतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. दाब बराच चढलेला असेल आणि वारा किनाऱ्याकडून बाहेर वाहत असेल, तर कोष्टकापेक्षा हातभर कमी पाणी मिळू शकतं. ०.६ मीटरचं मोकळं पाणी भित्रेपणाने धरलेलं नसतं.

आणखी एक फसवी गोष्ट. पाण्याची पातळी उतरायची थांबली म्हणजे प्रवाहही थांबला असं नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची वेळ टळून गेल्यावरही पाणी बराच वेळ बाहेर वाहत राहू शकतं. आम्ही अकराला पोचलो तेव्हा पातळी चढायला लागून चाळीस मिनिटं झाली होती आणि ओढ अजून बाहेरचीच होती. म्हणून पातळीचं कोष्टक वेगळं आणि प्रवाहाचं वेगळं. दोन्ही बघायची.

वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की लाट उंच होते आणि आखूड होते. त्याच वाऱ्यात प्रवाह वाऱ्याच्या दिशेने वळला की तेच पाणी बरंच शांत होतं. त्यामुळे "वारा किती?" या प्रश्नाला एकटं उत्तर नसतं. १५ नॉटचा वारा, ज्याला ब्यूफोर्ट मापात ४ म्हणतात, एका वेळी मजेचा आणि तीन तासांनी त्याच जागी त्रासाचा. हवामानाच्या अंदाजात लाट एक मीटर लिहिली असेल तर तो सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांच्या उंचीचा सरासरी आकडा असतो. मधूनच एखादी जवळपास दुप्पट येणार हे धरून चालायचं. उन्हाच्या दिवसांत पहाटेचा मतलई वारा ओसरला की दुपारी खारा वारा जोर धरतो, म्हणून उघड्या समुद्रातला टप्पा सकाळी उरकावा असा माझा कल असतो. पण उंबरा दुपारचा असेल तर उंबऱ्याचं ऐकायचं.

किंवा दिवसच बदलायचा. हा पर्याय नवखे विसरतात. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज दहाला ओहोटी असेल तर आठवड्याने दहाच्या सुमारास भरती असते. आमच्या त्या दिवशी उधाण होतं. आठवडाभर थांबलो असतो तर भांगाची भरती मिळाली असती, म्हणजे पाण्याचा फरक कमी आणि ओढही कमी.

आता इंधन. याबद्दल मी जरा जास्त बोलतो, आणि कारण आहे. मोटारीची सवय असलेला माणूस लिटरमागे किती अंतर असा विचार करतो. इंजिन मात्र तासाला पितं. आमची बोट १२ नॉटवर तासाला ३० लिटर घ्यायची, म्हणजे मैलाला अडीच. ३६ मैलांना ९० लिटर, टाकी १८०, "अर्धी उरेल" असं मी वहीत ऐटीत लिहिलं होतं. लाटांमुळे वेग आठवर आला तेव्हा तासाचा खप २४ झाला. कमी झाला असं वाटतं ना? पण पाण्यावर उचलून पळणारी बोट त्या अधल्यामधल्या वेगात पार्श्वभाग खाली टाकून पाणी ढकलत बसते. त्यात जमिनीवरचा वेग सहा. २४ भागिले सहा, मैलाला चार लिटर. पहिल्या टप्प्याला ६० लिटर, दुसऱ्याला ४८, बाहेर थांबताना बोटीचं तोंड लाटेला धरून ठेवायला नऊ. ११७ गेले, ६३ उरले.

जुना नियम सांगतो, एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. आमचं राखीव ६० होतं. आम्ही त्याच्या काठावर होतो, आणि तेही एकाच बाजूचा प्रवास करून. शिवाय टाकीतलं शेवटचं तेल हिशेबात धरूच नये. खळबळत्या पाण्यात टाकीचा गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं उंबऱ्यावर खोकायला लागतं.

तुम्ही शिकाऊ असाल तर माझा सल्ला असा, की शांत पाण्याच्या दिवशी ठरलेल्या अंतरावर बोट दोन्ही दिशांनी चालवा, इंजिनचे फेरे बदलत जा आणि प्रत्येकाला वेग आणि खप लिहून ठेवा. दोन्ही दिशा यासाठी की प्रवाहाचा परिणाम वजा होतो. बोटीसोबत आलेल्या पुस्तिकेतले आकडे रिकाम्या, स्वच्छ तळाच्या बोटीचे असतात. तुमच्या बोटीवर माणसं, सामान आणि तळाला चिकटलेले शंख-शेवाळ असतात.

एककांचाही घोळ असतो. सागरी मैल १८५२ मीटरचा, जमिनीवरचा मैल सुमारे १६०९ मीटरचा. अमेरिकेच्या इंट्राकोस्टल वॉटरवे या किनाऱ्यालगतच्या जलमार्गावर, जो अटलांटिक बाजूने नॉरफोकपाशी शून्य मैलापासून मोजला जातो, अंतरं जमिनीच्या मैलांत देतात. बोटीचा वेगमापक नॉट दाखवतो. दोन्ही एकच समजलात तर हिशेब १५ टक्क्यांनी चुकतो.

बोयांचंही, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचंही, तसंच. आयाला या सागरी खुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पद्धतीत जगाचे दोन भाग आहेत. ए भागात समुद्रातून बंदरात शिरताना लाल बोया डावीकडे ठेवायचा. बी भागात, म्हणजे अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्स इथे, तो उजवीकडे. किनाऱ्याला समांतर जाताना "आत" कुठली बाजू, हे नकाशावरच्या बाणावरून ठरतं, अंदाजाने नाही.

प्लॉटर, म्हणजे पडद्यावर नकाशा दाखवणारं यंत्र, वापरा, जरूर वापरा, पण रेघ आखून झाली की ती पूर्ण लांबीभर मोठं करून तपासा. दूरचं चित्र ठेवलं की उथळ जागा पडद्यावरून गायब होतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॉल्वो ओशन रेसमधली एक शर्यतीची बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगादोस काराजोसच्या प्रवाळावर रात्री आदळली. त्या खलाशांच्या अनुभवापुढे तुम्ही-आम्ही कुठे, पण चौकशीत हाच मुद्दा पुढे आला. वळणाचे बिंदू बरोबर बोयावर ठेवू नका, थोडे बाजूला ठेवा. सगळ्यांचे प्लॉटर त्याच बोयाकडे येत असतात आणि बोया लोखंडी असतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रवासाच्या आखणीचे चार टप्पे दिले आहेत: माहिती गोळा करणं, आखणं, अमलात आणणं आणि लक्ष ठेवणं. त्या मुख्यतः मोठी जहाजं समोर ठेवून लिहिलेल्या आहेत, तरी छोट्या बोटीला तंतोतंत लागू पडतात. आपण पहिल्या दोन टप्प्यांत दमतो आणि चौथा विसरतो. त्या दिवशी नऊला भूशिरापाशी वेग आठवर आला तेव्हाच माझा आराखडा मोडला होता. मी मात्र जुन्याच वेळा वाचत बसलो होतो. आता प्रत्येक बिंदूपुढे वहीत दोन रकाने असतात, ठरलेली वेळ आणि खरी वेळ. फरक वीस मिनिटांवर गेला की उंबऱ्याचं गणित पुन्हा. त्याच पानावर आडोशाला शिरता येईल अशा जागा लिहिलेल्या असतात, आणि एक बिंदू लाल शाईत, जिथून मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणंच जवळचं.

पानाची एक प्रत किनाऱ्यावरच्या माणसाकडे द्यायची. किती जण आहोत, कुठून जाणार, कधी पोचणार आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं. शेवटचा मुद्दा नक्की लिहा, नाहीतर तो माणूस "येतीलच एवढ्यात" म्हणत अंधार पडेपर्यंत बसतो. फोनच्या भरवशावर राहू नका. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, १६ नंबरचा चॅनल चालू ठेवा, त्यावर आसपासच्या बोटीही ऐकत असतात.

दोन आठवड्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. भरतीच्या वेळा साधारण तशाच आल्या होत्या. या वेळी दांडा पार करायची वेळ आधी लिहिली, दुपारी एक. तिथून मागे मोजलं, समोरच्या प्रवाहाचे दोन तास धरले, अर्धा तास राखीव धरला आणि साडेआठला धक्का सोडला. दांड्यावर पोचलो एकला पाच मिनिटं कमी असताना. पाणी आत वाहत होतं, वाराही आतलाच, लाट लांब आणि मऊ. खोली दाखवणाऱ्या यंत्रावरचा आकडा मी श्वास रोखून बघत होतो. तो अडीचच्या खाली गेला नाही.

आत शिरून नांगर टाकला. मी कौतुकाची वाट बघत होतो. सरांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि विचारलं, "परत निघायचं कधी?"

मी वही उघडली. ते पान कोरं होतं. सव्वाचारला पूर्ण भरती, मग ओहोटीचं पाणी बाहेर आणि खारा वारा आत, म्हणजे पुन्हा त्याच उभ्या लाटा. सव्वाआठनंतर तर दांड्यावर पाणीच पुरलं नसतं. एक तर चारच्या आत निघायचं, नाहीतर उद्या. मी पुढे जाऊन नांगराची साखळी आणखी सोडली आणि रात्रीच्या ओहोटीला तळाखाली किती पाणी उरेल ते मोजायला बसलो.