मेकॅनिकला फोन लावण्याआधी: कपडे न पिळणाऱ्या मशीनसाठी तयारीची यादी

आषाढातली सकाळ. मशीनची शिटी वाजते, झाकण उघडून एक टॉवेल उचलावा तर त्यातून पाण्याची धार लागते. दोऱ्यांवर परवाचेच कपडे अजून दमट आहेत आणि उद्या शाळेचा गणवेश हवा आहे. अशा वेळी हात आधी फोनकडे जातो, पण तेवढा अर्धा तास थांबा. गेल्या काही वर्षांत माझ्या घरी, आईकडे आणि शेजारी मिळून अशी बरीच मशीनं मी पाहिली. त्यातली निम्म्याहून जास्त एकही भाग न बदलता चालू झाली. मशीन फिरत नाही याचा अर्थ मोटर गेली असा नसतो. आत पाणी उरलं असेल, कपडे एका बाजूला गोळा झाले असतील किंवा दार नीट लागलं नसेल, तर मशीन स्वतःहून थांबतं. म्हणून तपासणीही याच क्रमाने करायची आहे.

त्याआधी हा खरंच बिघाड आहे का ते ठरवा. सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर मिनिटाला साधारण १३०० ते १४०० फेरे घेतो. वरून कपडे टाकायच्या बहुतेक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनचे फेरे ७०० च्या आसपासच असतात. सेमीवरून टॉप लोडवर आलेल्या घरात पहिल्याच आठवड्यात ‘नवीन मशीन नीट पिळत नाही’ अशी तक्रार होते, ती यामुळे. कपडे दमट असतील पण त्यातून पाणी गळत नसेल, तर मशीन आपलं काम करतंय. मग प्रोग्राम बघा. रेशमी, लोकरी किंवा नाजूक कपड्यांच्या प्रोग्राममध्ये स्पिन, म्हणजे पिळण्यासाठीचं फिरणं, मुद्दाम हळू ठेवलेला असतो. फ्रंट लोडवर, म्हणजे समोरून कपडे टाकायच्या मशीनवर, स्पिनचं एक वेगळं बटण असतं, त्याने वेग कमी करता येतो, काही मशीनवर स्पिन पूर्ण बंदही होतो. घरात लहान मूल असेल तर ते बटण आधी पाहा.

आता पाणी. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण दोष बहुतेकदा इथेच सापडतो. ड्रममध्ये पाणी साचलेलं दिसतंय का? दिसत असेल तर मागची सांडपाण्याची नळी तपासा. साफसफाई करताना मशीन भिंतीकडे सरकवलं की ती चेपते किंवा दुमडते. नळीचं टोक कुठे आहे हेही बघा, कारण फ्रंट लोड आणि टॉप लोडचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, त्यामुळे तिची नळी साधारण दोन-अडीच फूट उंचीवर अडकवलेली लागते. आपल्याकडच्या पुष्कळ टॉप लोडना पंपच नसतो, पाणी उतारानेच जातं. अशा मशीनची नळी जमिनीवरच हवी. न्हाणीघराचा उंबरा उंच असतो, नळी त्याच्यावरून चढवून मोरीत सोडलेली असते, आणि पाणी तो चढ चढत नाही. आईकडे हाच प्रकार होता. नळी खाली घेतली आणि पाच मिनिटांत मशीन रिकामं झालं. नळीचं तोंड मोरीच्या पाइपात खोलवर कोंबलेलं असेल तर तेही थोडं बाहेर काढा.

फ्रंट लोडचा फिल्टर उघडायचा असेल तर आधी सामान जमवा: एक उथळ परात किंवा जुना ट्रे, दोन-तीन जुने टॉवेल, टॉर्च, चिमटा आणि जुना टूथब्रश. प्लग काढा, नळ बंद करा. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला असेल तर पाणी निवू द्या. आत पाणी असेपर्यंत पुढचं दार उघडत नाही, त्याच्याशी झटापट करू नका. खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागे फिल्टर. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत घ्या. परात लगेच भरते, म्हणून बूच हाताशीच ठेवा. पाणी संपल्यावर फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने हळूहळू फिरवून काढा. आत काय निघेल सांगता येत नाही. नाणी, सेफ्टी पिना, ब्लाउजचे हुक, बाळाचा मोजा, केसांचा गुंता. आमच्या फिल्टरमधून एकदा मूठभर फुगलेला तांदूळ निघाला. लग्नाहून आल्यावर झब्ब्याच्या खिशातल्या अक्षता तशाच राहिल्या होत्या. फिल्टरच्या पोकळीत टॉर्च मारा, मागे पंपाचा छोटा पंखा दिसेल. त्याला केस गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढा. फिल्टर परत घट्ट बसवा, आणि कपडे टाकण्याआधी मशीन रिकामंच ‘रिन्स-स्पिन’वर (खळबळणे आणि पिळणे) लावून खाली थेंब पडतो का ते बघा.

बाहेर काढलेले ओले कपडे बादलीत दाबून ठेवू नका, चार तासांत वास धरतात. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबलं तर बरंच पाणी निघतं आणि कापडही ताणलं जात नाही.

पाणी गेलं, तरी फिरत नाही? मग कपड्यांचा भार बघा. एकटी चादर, एकच जाड पायपुसणं किंवा दोन जीन्स एका बाजूला गोळा होतात, मशीन फिरायला लागतं, थडथडतं आणि थांबतं. कपडे सुटे करून पसरा, जड कपडा एकटा असेल तर सोबत दोन-तीन टॉवेल टाका. पडद्यावर अक्षरं येत असतील तर फोटो काढून ठेवा. एलजीच्या मशीनवर ‘यूई’ (UE) म्हणजे भार असमान आणि ‘ओई’ (OE) म्हणजे पाणी जात नाही, एवढं कळलं तरी निम्मा शोध संपतो. मशीन डगमगतं का ते कोपऱ्यावर हात दाबून पाहा, फरशी बसल्यावर एक पाय अधांतरी राहतो. घर बदलल्यावर पहिल्यांदाच लावलेलं फ्रंट लोड असेल, तर वाहतुकीसाठी मागे लावलेले बोल्ट काढले आहेत ना, हे सर्वांत आधी बघा. ते तसेच ठेवून मशीन चालवलं तर मोठं नुकसान होतं.

फेस ही दुसरी अडचण. हाताने धुण्याची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली की ड्रम फेसाने भरतो आणि स्पिन अडकतो. एकदा बिनपावडरचं खळबळून काढा आणि पुढे मशीनची पावडर मापानेच वापरा. झाकण-दाराचं तपासणं एका मिनिटाचं आहे: दार लागताना ‘टक’ वाजतं का, रबरात कपड्याची बाही अडकली आहे का.

सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रायरची तऱ्हा वेगळी. कपड्यांवर ठेवायचं आतलं जाळीदार झाकण विसरलं की रुमाल-मोजे उडून ड्रायर आणि बाहेरच्या टबाच्या फटीत पडतात. प्लग काढून ड्रायर हाताने फिरवा. झाकण उघडल्यावर ब्रेक लागतो, त्यामुळे थोडा जड फिरेल, पण अडायला नको. अजिबात फिरत नसेल तर फटीत कपडा अडकला असेल किंवा ब्रेक जाम झाला असेल. हाताने फिरतो, चालू केल्यावर मात्र नुसती घरघर होते, तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा विजेचा भाग) गेलेला असतो. तो स्वतः बदलायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनमधून जळक्या रबराचा वास आला तर बहुधा पट्टा घसरतोय, तेही काम मेकॅनिकचंच. खाली टॉर्च मारून उंदरांच्या लेंड्या किंवा कुरतडलेली वायर दिसते का, एवढं पाहा. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर मशीनखाली शिरतात. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पुढचं सगळं सोडा, मेन स्विच बंद करा आणि आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.

आता फोन. नंबर बिलावरचा किंवा माहितीपुस्तिकेतला घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेले ‘कस्टमर केअर’ नंबर अनेकदा ठगांचे असतात. फोनवर कुणी अ‍ॅप टाकायला किंवा आधी दहा रुपये भरायला सांगितलं तर फोन ठेवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. बिल, वॉरंटी कार्ड, मॉडेल आणि सिरियल नंबरच्या लेबलचा फोटो, बिघाडाच्या आवाजाचा व्हिडिओ हे फोनमध्ये तयार ठेवा. मोटरवर १० वर्षांची वॉरंटी असली तरी ती बहुधा मोटरपुरतीच असते. पंप, पट्टा, मजुरी आणि घरी येण्याचे पैसे धरलेले आहेत का, हे फोनवरच विचारून घ्या.

मेकॅनिक यायच्या दिवशी मशीन रिकामं आणि कोरडं ठेवा, मागे माणूस वाकू शकेल एवढी जागा करा. बदललेला जुना भाग मागून घ्या, छापील पावती घ्या. आणि तो निघण्याआधी तीन-चार ओले टॉवेल टाकून पूर्ण स्पिन लावायला सांगा. रिकामं मशीन तर बिघडलेलं असतानाही छान फिरतं. टॉवेल बाहेर काढून हाताने दाबा, पाणी टपकलं नाही तरच सही करा.