पांढऱ्या उंदरात कोणता रंग लपलाय?

पुण्यात दुकानातून पांढरा, लाल डोळ्यांचा पाळीव उंदीर आणला, तर त्याच्या आईवडिलांचा रंग सहसा कुणालाच सांगता येत नाही. असे उंदीर बहुधा अल्बिनो असतात; आतला रंग असतो, फक्त उमटत नाही. तो शोधायची सोपी रीत:

१. त्याची जोडी पूर्ण काळ्या उंदराशी लावा. ठिपकेवाला नको, हिशोब बिघडतो.

२. पिल्लांची कातडी चौथ्या-पाचव्या दिवसापासून रंग दाखवते. खरा निकाल लव आल्यावर, दहाव्या दिवशी पाहा. त्याच सुमारास माद्यांच्या पोटावर स्तनाग्रं स्पष्ट दिसतात, म्हणून नर-मादी ओळखायला त्या दिवशी पोटाचाही फोटो काढाच.

३. एखादं पिल्लू जरी रानउंदरासारखं भुरकट तपकिरी निघालं, तरी पांढऱ्यात अगूटी, म्हणजे हाच रानउंदराचा रंग, लपलाय. सगळी काळी असतील तर तोही आतून बहुधा काळाच; पण तीन-चार पिल्लांवरून हे ठरवू नका, निदान सात-आठ हवीत. मधेच पांढरं पिल्लू आलं, तर तुमचा काळा उंदीरही अल्बिनोचा वाहक आहे, म्हणजे स्वतः काळा असून हा गुण पिल्लांना देऊ शकतो. पुढच्या जोडीसाठी हे फार मोलाचं.

जपायचं एवढंच: चार आठवडे झाले की नर पिल्लं आई-बहिणींपासून वेगळी करा, आणि बाप प्रसूतीआधीच हलवा. मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते.