नॉट म्हणजे नक्की किती वेग?

वादळाच्या बातमीत वाऱ्याचा वेग ‘६० नॉट’ असा आला, की १.८५२ ने गुणा: ताशी सुमारे १११ किलोमीटर. तोंडी हिशेबाला दुप्पट करून दहावा भाग वजा करा. १०८ येतात, काम भागतं. ‘ताशी ६० नॉट’ मात्र लिहू नका. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल (१,८५२ मीटर), ‘ताशी’ त्यातच आलं.

नॉट म्हणजे गाठ, आणि या गाठी खरोखरच्या. पूर्वी जहाजाचा वेग मोजायला त्याच्या मागून शिसं ठोकलेली लाकडी फळी दोरीला बांधून सोडायची. शिशाच्या वजनाने ती पाण्यात उभी राहते, फारशी ओढली जात नाही. दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. सुरुवातीची मोकळी दोरी संपून चिंधीची खूण हातातून गेली, की २८ सेकंदांची वाळूची घडी उलटायची आणि सरकणाऱ्या गाठी मोजायच्या. सात गाठी, सात नॉट.

चुकायचंही. वापरून दोरी ताणली की गाठींमधलं अंतर वाढायचं, वेग कमी दिसायचा. वाळू दमट झाली की ती सावकाश गळायची, वेग जास्त.

त्या फळीचं नाव लॉग. त्यावरून जहाजाची नोंदवही झाली लॉगबुक, आणि मोबाइलवरचं ‘लॉग इन’ तिथूनच आलं.