पाळी गेल्यावर डाग दिसला तर काय करायचं, आणि हार्मोन्सचा काय संबंध

चवथीच्या आदल्या दिवशी नेवऱ्या वळता वळता मावशी दोनदा उठून बाथरूमला गेली, विचारलं तर म्हणे काय नाही गो, जरा डाग पडलाय, उष्णता असेल. पाळी जाऊन 6 वर्षं झालेली! आणि घरात गणपती येणार म्हणून तोंड बंद.

तर पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक ठिपका जरी दिसला तरी गायनॅककडे जायचं, कोकम सरबत पीत बसायचं नाही. बहुतेक वेळा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघत नाही, पण तो असला तर सुरुवात बहुधा अशीच होते.

आत काय चालतं? दोन हार्मोन्स असतात: इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. प्रोजेस्टेरॉन तयार होतं अंडं बाहेर पडल्यावर, म्हणून पीसीओडीमध्ये महिनोन्महिने पाळी नसते तेव्हा अस्तर नुसतं वाढत राहतं, आणि असं वाढलेलं अस्तर पुढे कधी कधी कॅन्सरकडे झुकतं. पाळी गेल्यावर अंडाशय थंडावतात पण चरबीत इस्ट्रोजेन बनतच असतं, म्हणून डॉक्टर वजनाचं विचारतात, ते हिणवायला नव्हे.

जाताना कालनिर्णयवर डागाच्या तारखा लिहून त्याचा फोटो न्या, आणि चालू गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत टाका. ब्रेस्ट कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते आधी सांगा, कारण ही गोळी स्तनात इस्ट्रोजेनला अडवते आणि गर्भाशयात मात्र त्याच्यासारखीच वागते (म्हणून मनाने बंद करू नका हं). गर्भाशय असताना नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेतल्याने या कॅन्सरचा धोका वाढतो हे 1975 पासून माहीत आहे, तेव्हा सोबत प्रोजेस्टेरॉन आहे का ते विचारा. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का, तेही सांगा, काही घराण्यांत हे दोन्ही कॅन्सर चालत येतात.

पॅप स्मियर नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही, ती टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची. इथे आतून सोनोग्राफी करतात, अस्तर 4 मिमीपर्यंत असेल तर सहसा काळजी कमी, जास्त असेल किंवा डाग परत परत पडत असेल तर बायोप्सी, म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणं. दुखतं थोडं, खोटं कशाला सांगू.

मावशीचं निघालं 9 मिमी. बायोप्सीत अस्तर जाड, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. कॉपर-टीसारखी पण प्रोजेस्टेरॉनसारखं हार्मोन सोडणारी ती वस्तू असते ना, ती बसवली. सहा महिन्यांनी परत बायोप्सी, तारखेभोवती तिने स्वतःच लाल पेनाने गोल केलाय, चवथीच्या आधी उरकायचं म्हणते.