सगळ्यालाच करपा म्हणू नका: स्ट्रॉबेरीचे रोग ओळखताना होणाऱ्या चुका

डिसेंबर लागला की माझ्या फोनवर पानांचे फोटो यायला सुरुवात होते. आमच्या इंदूरच्या सुदामानगरात हल्ली गच्चीवर स्ट्रॉबेरी लावायची हौस फार. फोटो नेहमी वरून काढलेला, हललेला, आणि खाली एकच प्रश्न: "काकू, करपा आलाय, काय मारू?" रोग त्यांनी आधीच ठरवलेला असतो, माझ्याकडून हवं असतं फक्त औषधाचं नाव. मी उलट विचारते, पान उलटून पाहिलंत का? मग तिकडून दोन दिवस उत्तर नाही.

कडा करपल्या की करपा

ही माझी सगळ्यात नावडती चूक. दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका भाऊजींनी तीन आठवड्यांत तीनदा तांब्याचं बुरशीनाशक फवारलं. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत, आणि फवारणीगणिक आणखी वाढत चाललेल्या. चौथ्या फवारणीच्या आधी मला बोलावलं, हे त्यातल्या त्यात बरं.

मी पानाकडे नंतर पाहिलं, आधी कुंडीचा काठ पाहिला. त्यावर पांढरी खपली जमलेली. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते घरात लागतं, म्हणून झाडांना बोरिंगचं खारं पाणी. वर दर रविवारी चमचाभर दाणेदार खत, "लवकर फळ यावं" म्हणून. स्ट्रॉबेरीला खारं पाणी अजिबात सोसत नाही. क्षार साचले की जुन्या पानांच्या कडा जळतात, आणि सगळ्या कुंड्यांत साधारण एकाच वेळी जळतात. बुरशी अशी रांगेत उभी राहून येत नाही. ती एखाद्या झाडावर, एखाद्या कोपऱ्यात ठिपक्यानं सुरू होते आणि मग पसरते. भाऊजींच्या पानांवर मध्ये एकही ठिपका नव्हता.

खत बंद करायला लावलं. नर्मदेचं पाणी कुंडीच्या तळातून बदाबदा बाहेर येईपर्यंत ओतायचं, कुंडी निथळू द्यायची, चार दिवसांनी पुन्हा तेच. जळलेली पानं हिरवी होत नाहीत, त्यांची वाट पाहू नका. नवीन पान स्वच्छ येतंय का ते बघा. महिनाभरात तशी आली. भाऊजी अजून सगळ्यांना सांगतात की तिसरी फवारणी लागू पडली.

मान टाकली की पाणी

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हक्कानं बोलते. पहिल्या वर्षी महाबळेश्वरहून आलेली ३६ रोपं ऑक्टोबरात लावली. घाईघाईत क्राऊन, म्हणजे पानं जिथून फुटतात तो खोडाचा गड्डा, मातीत पुरला. कुंड्यांत आपली माळव्याची, पाणी धरून ठेवणारी काळी माती भरपूर, कारण फुकट मिळाली. दिवाळीनंतर दुपारी तीन रोपं माना टाकायला लागली, संध्याकाळी पुन्हा उभी. मला वाटलं, तहान. दोन वेळा पाणी सुरू केलं. आठवड्यात अकरा रोपं झाली, आणि आता संध्याकाळीही उठेनात.

शेवटी एक रोप उपटलं, माती झटकली आणि क्राऊन विळीवर उभा चिरला. आतून पांढरट असायला हवा, तो लालसर-तपकिरी निघाला. क्राऊन कुजत होता आणि मी रोज दोनदा त्याला पाणी पाजत होते. (ती विळी नंतर उकळत्या पाण्यानं धुतली, तरी घरात आठवडाभर त्यावरून बोलणी खाल्ली.) जानेवारीत तेरा रोपं उरली.

तेव्हापासून सवय अशी: रोप मलूल दिसलं की आधी बोट दोन पेरं मातीत. माती ओली असून रोप मलूल असेल तर पाणी बंद आणि एका रोपाचा बळी. क्राऊन चिरायचा, मुळंही चिरायची. मुळाच्या आतली दोरी लाल दिसली तर तो मुळांचा वेगळा रोग, थंड आणि चिखलट मातीत होणारा. क्राऊन कुजलेलं रोप वाचत नाही. लोकांना एक रोप उपटायला जिवावर येतं, मग वीस जातात.

बाकीचं थोडक्यात

पानावर जांभळा गोल ठिपका आणि मध्ये पांढरट डोळा, तो टिक्का नावाचा रोग. तसाच जांभळा, पण वेडावाकडा आणि डोळ्याविना, तो वेगळा रोग. कडेपासून आत निमुळता होत जाणारा, इंग्रजी व्हीसारखा तपकिरी डाग, तो तिसरा. पान उजेडाकडे धरल्यावर ठिपके पारदर्शक, कोनाकोनाचे दिसले तर ते जिवाणूंचं काम, बुरशीचं नाही.

पानांच्या कडा वाटीसारख्या वर वळल्या आणि खाली पांढरी पूड असेल तर भुरी. तिला पान ओलं लागत नाही, त्यामुळे "मी पानांवर थेंबही पडू देत नाही" हा अभिमान इथे कामाचा नाही. खाली पुडीऐवजी बारीक जाळं आणि वरून पिवळे टिपके असतील तर लाल कोळी, म्हणजे कोळ्याच्या जातीची बारीक कीड. त्याला बुरशीनाशक पाजून काही होत नाही. गंधक भुरीवर चालतं, पण भर उन्हात मारलंत तर पानं भाजतील आणि पुन्हा मलाच फोटो येईल.

फुलाचा मधला भाग काळा पडला तर आधी आठवा, परवाच्या रात्री थंडी किती होती. तो गारठ्याचा मार.

राखाडी लवेसारखी बुरशी फळावर दिसते, पण बरेचदा फुलात शिरलेली असते. सुकलेल्या पाकळ्या आणि कुजकं फळ रोज काढा, फळांना एकमेकांना चिकटून बसू देऊ नका, संध्याकाळी पाणी घालू नका. हळद, ताक, दालचिनी यांचे व्हिडिओ मला पाठवू नका.

काढलेला रोगट माल घरच्या कंपोस्टच्या बादलीत टाकू नका. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञांनी १९२४ नंतर इथेच कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, पण त्यांचा ढीग तापायचा, त्या उष्णतेत रोगाचे जंतू मरतात. तुमची बादली कोमट तरी होते का? ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्या.

आणि गेल्या वर्षी वांगी-टोमॅटो लावलेली माती स्ट्रॉबेरीला नको. त्यांच्या मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहते आणि स्ट्रॉबेरीलाही धरते. बाहेरची जुनी पानं आधी वाळतात, मधली कोवळी हिरवी राहतात. ती माती मी गवती चहाला देते.